लोणी बंद केलं तेव्हा

"उद्यापासून मी रवीला हात लावणार नाही," मी म्हणाले.

सोप्यात चौघं बसली होती. सासूबाई, थोरले दीर गुरुपाद, त्यांची बायको महानंदा आणि आमचे हे, विरूपाक्ष. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आवाज थोडा चढला होता माझा, आणि तो चढलेला सगळ्यांना कळला होता. मग भाऊजींनी बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं."

नुसतं बरं. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान समजूत तरी काढतील. ते उठले, खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि स्कूटर काढून हॉटेलकडे निघून गेले. हेही त्यांच्या मागोमाग गेले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

"कशाला ग बोललीस असं?" सासूबाई म्हणाल्या.

"मग काय करू आत्याबाई? दोघं भाऊ राबतात आणि नाव एकाचंच लागणार?"

"घर एकच आहे की आपलं."

"घर एकच आहे तर दोन नावं लागली म्हणून काय बिघडतंय?"

त्या जपमाळ काढून बसल्या.

वाद नव्या जागेचा होता. आमच्या कमळूरच्या बसस्टँडसमोर देसाई वकील नवी इमारत बांधत होते. त्यातला कोपऱ्यावरचा गाळा आम्हाला मिळणार, हे वर्षभर घरात बोललं जात होतं. कोपरा म्हणजे दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक. जुनं हॉटेल पत्र्याचं, चार बाकांचं; लोक बाहेर उभे राहून खायचे. आणि त्या सकाळी भाऊजी चहा पिता पिता सहज म्हणाले होते की गाळा त्यांच्या एकट्याच्या नावावर होतोय, वकील म्हणतात एकच नाव असलं की सोपं पडतं. हे शेजारीच बसले होते. नखं बघत होते स्वतःची. मग मीच बोलले.

बोलायचा हक्क आहे, असं मला वाटत होतं. का वाटत होतं ते सांगते.

मी ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हा आमच्या हॉटेलात चहा, भजी आणि शिळा चिवडा मिळायचा. गिऱ्हाईक म्हणजे बस चुकलेला माणूस. माझं माहेर घटप्रभेच्या काठचं. घरात म्हशी होत्या, आणि माझ्या आईच्या हातचं लोणी आसपासच्या गावांत माहीत होतं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा मला लहानपणापासून डेऱ्यापाशी बसवायची. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी घरात डोसे केले आणि प्रत्येकाच्या डोशावर लोण्याचा गोळा ठेवला. ह्यांनी पाच डोसे खाल्ले. मग म्हणाले, "दादा, हे हॉटेलात ठेवलं तर?"

तिथून सगळं सुरू झालं. चहाला लागणारं म्हशीचं दूध आधी आमच्या घरी तापायचं. त्याची साय मी काढायची, विरजायची आणि पहाटे घुसळायची. न्हाणीजवळ भाऊजींनी सागवानी घुसळखांब रोवून दिला. मोठा डेरा, माझ्या उंचीची रवी, तिला दोर. उन्हाळ्यात माठातलं गार पाणी घालायचं, थंडीत कोमट. लोणी वर आलं की पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचं. दोर ओढून ओढून माझ्या तळहातांना घट्टे पडले आणि ते पुढं कधी गेले नाहीत. भाऊजी रोज सकाळी स्वतः स्कूटरवरून स्टीलचा डबा न्यायचे. "हे काम गड्यावर सोपवायचं नाही," असं म्हणायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं.

हॉटेलावर पाटी लागली: घरच्या लोण्याचा डोसा. बसस्टँडवरची गर्दी आमच्याकडे वळली. बेळगावला जाणारे लोक मुद्दाम एक बस सोडायला लागले. मी हॉटेलात जात नसे, आमच्या घरातल्या बायका तिथं जात नसत. पण सगळं घर माझ्या रवीवर चालतं, हे सगळेच म्हणायचे. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची निला म्हणजे लक्ष्मी."

हा वाद झाला त्याआधीच्या श्रावणात अव्वा आजारी पडली. निरोप आला तशी मी गेले. तिला धाप लागत होती, बोलणं मात्र स्वच्छ होतं. मी दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी हे दारात हजर.

"निला, चल घरी. लोण्याशिवाय हॉटेल बंद पडायची पाळी आलीये."

"अहो, तिची अवस्था बघा तरी."

"बघतोय ग. पण गिऱ्हाईक एकदा फिरलं की परत येत नाही."

अव्वाच म्हणाली, "जा ग. तुझ्या हातावर त्यांचा संसार उभा आहे. मला काय होतंय?" हे बोलताना तिला अभिमान वाटत होता. मला दिसला तो. मी आले. चार दिवसांनी माझा भाऊ दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी डेऱ्यात पाणी घालत होते. त्याचं तोंड बघूनच समजले.

म्हणून म्हटलं, मला बोलायचा हक्क आहे असं वाटत होतं.

तर दुसऱ्या दिवशी मी उठले आणि घुसळखांबाकडे गेले नाही. सवयीनं जाग आली होती, अंथरुणात पडून राहिले. साय भांड्यात तशीच राहिली. सासूबाईंनी दोन दिवसांनी ती कढवली. भाऊजी सकाळी उठले, अंघोळ केली, लिंगपूजा केली आणि डबा न मागता निघून गेले. मला त्याचं नवल वाटलं, पण म्हटलं, ताठा आहे. किती दिवस टिकतो बघू.

संध्याकाळी हे आले की मी विचारायची, "काय म्हणतायत गिऱ्हाइकं?"

"काय म्हणणार?"

"लोण्याबद्दल?"

"विचारतात कोणकोण."

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो काहीतरी. जेवायला वाढ."

गिऱ्हाइकं विचारतात, एवढं मला पुरे होतं. खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मी आनंदात होते. भांडी घासताना गुणगुणायची. उमाला, माझ्या मुलीला, शाळेत सोडायला स्वतः गेले. मनात ठरवून टाकलं होतं की भाऊजी लोणी मागायला आले की आधी पाणी द्यायचं, मग शांतपणे सांगायचं: आधी दोन नावं, मग लोणी. त्यांना लाजवायचं नाही. आपल्याच घरची माणसं आहेत.

आणि मग एका दुपारी कडी वाजली.

दारात देसाई वकिलांची बायको उभी होती. एवढ्या मोठ्या घरची बाई आमच्या बोळात चालत आली होती. हातात स्टीलचा डबा. तो डबा आमचा होता. झाकणावर सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं.

"निलाबाई तुम्हीच ना?" त्या म्हणाल्या. "मला माफ करा हं, अशी न सांगता आले. तुमच्या घरात आजारपण आहे म्हणे. आता बरं आहे का?"

"आजारपण? कुणाचं?"

"गुरुपाद म्हणाला. लोणी का येत नाही म्हणून विचारलं तर म्हणाला, घरात आजारपण आहे." त्यांनी मला खालीवर बघितलं. "तुम्हाला बघून बरं वाटलं. म्हटलं, डबा तरी देऊन यावं आणि बघूनही यावं."

मी त्यांना आत घेतलं, चटई टाकली. सासूबाई आत झोपल्या होत्या.

"बाई, आमचं लोणी तुमच्याकडे येतं?"

"येतं म्हणजे? रोज येतं की. रोज सकाळी गुरुपाद स्वतः आणून देतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून." त्या हसल्या. "पैसे घेत नाही हो. आमचे हे किती म्हणाले. तर म्हणतो, काकी, घरचंच आहे. एवढा डबा भरून लोणी! आम्ही खातो, मुलीला कोल्हापूरला पाठवतो, उरलेल्याचं तूप करतो. तुमच्या लोण्याच्या तुपाला काय वास येतो म्हणून सांगू!"

"मग हॉटेलात कुठलं जातं?"

मी हे त्यांना विचारलं की स्वतःशीच बोलले, कोण जाणे. त्या जरा गोंधळल्या.

"हॉटेलात ते खोक्यातलं असतं ना? आमच्या ह्यांनी एकदा बघितलंय, टेम्पोतून उतरवताना. साहजिकच आहे हो, एवढ्या गर्दीला घरचं कुठून पुरणार?" मग माझा हात धरून म्हणाल्या, "पण हाताला गुण आहे तुमच्या. माझी थोरली श्रावणात बाळंतपणाला आली होती. तिला घास उतरायचा नाही. गरम भातावर तुमचं लोणी घातलं की तेवढं खायची. मध्ये दोन दिवस खंड पडला तर रडली अक्षरशः. मी गुरुपादला म्हटलं, काहीही कर बाबा, पण हिला लोणी आणून दे. तिसऱ्या दिवशी डबा हजर! तेव्हाच आमचे हे म्हणाले, शब्दाला जागणारा माणूस आहे, कोपऱ्याचा गाळा ह्यालाच द्यायचा."

मी उठून आत गेले. त्यांच्यासाठी पाणी आणलं. गूळ आणला. त्या पाणी प्यायल्या.

"गाळ्याचं झालं का मग नक्की?" मी विचारलं.

"झालं की. सह्यासुद्धा झाल्या. गेल्या सोमवारी." त्या उठल्या. "अभिनंदन करायचं राहिलंच माझ्याकडून."

गेल्या सोमवारी. मी रवी बंद केली ती त्यानंतरच्या बुधवारी. तेव्हा मला भाऊजींचं ते "बरं" समजलं.

त्या गेल्यावर मी केस विंचरले, धुवट साडी नेसले, आणि सासूबाईंना न उठवता हॉटेलकडे निघाले. कितीतरी वर्षांत तिथं पाऊल टाकलं नव्हतं. वाटेत मला दोनतीनदा वाटलं की परत फिरावं, बाईंचा काहीतरी गैरसमज झाला असेल.

हॉटेलात उभं राहायला जागा नव्हती. बाहेर लोक ताटल्या हातात धरून खात होते. वाढणारा नवा होता, त्यानं मला ओळखलं नाही. आतल्या कोपऱ्यात बायकांसाठी पडदा लावलेला एक बाक होता, पण तिथंही पुरुषच बसले होते. त्यातल्या एका कंडक्टरनं सरकून जागा करून दिली.

"एक लोणी डोसा," मी म्हणाले.

डोसा आला. गरम, जाळीदार, आणि वर पांढरा गोळा. माझा गोळा असायचा तसाच, तेवढाच. कडेनं वितळत होता. मी तुकडा तोडून तोंडात घातला.

वाईट नव्हतं. हे सांगायलाच हवं. मला वाटलं होतं की तोंडात घालता क्षणी थुंकावंसं वाटेल. तसं झालं नाही. किंचित आंबूस होतं, मऊ होतं. नंतर टाळ्याला जरा मेण लावल्यासारखं चिकटलं, आणि घास गिळल्यावर मागं काही राहिलं नाही. एवढाच फरक. पण घाईत खाणाऱ्याला, बस लागलेली असताना, तो कशाला कळेल?

"पहिल्यांदाच आलात काय ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"होय."

"मग नीट चव घ्या. हे लोणी घरचं आहे. मालकीणबाई स्वतःच्या हातानं काढतात. बाकी सगळीकडं खोक्यातलं लावतात, जिभेवर ठेवलं की लगेच कळतं आपल्याला."

"कळतं?"

"म्हणजे काय! एवढी वर्षं खातोय."

मी मान हलवली आणि डोसा संपवला. पूर्ण संपवला. ताटलीत टाकून उठायची सवय नव्हती मला.

गल्ल्यावर हे बसले होते. मला बघितलं तसे उभे राहिले. मागच्या कोठीकडे चालू लागले आणि मी त्यांच्यामागून गेले. कोठीत पिठाची पोती होती, आणि त्यांच्या शेजारी भिंतीला लागून खोकी. एक उघडं होतं. आत प्लॅस्टिकच्या कागदात पांढरी वीट, साबणाच्या वडीसारखी कापलेली. बाजूला पातेल्यात त्यातलंच लोणी दही घालून फेटून ठेवलेलं होतं. आंबूस चव कुठून आली ते समजलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"निला, आधी बस."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या संक्रांतीपासून. गर्दी वाढली ग. तुझं लोणी पुरेना. आधी अर्धंअर्धं मिसळायचो. मग दादानं एक दिवस नुसतं हेच लावून बघितलं." ते थांबले. "कुणी काही बोललं नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही."

"आणि तुम्ही? तुम्ही तर रोज इथंच डोसा खाता. तुम्हाला कळलं असेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्या क्षणी खोटं बोलले असते तरी चाललं असतं.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "नाही कळलं."

बाहेरून तव्याचा आवाज येत होता. कुणीतरी दोन पार्सल, दोन पार्सल म्हणून ओरडत होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझं मन मोडलं असतं. तुला केवढी हौस त्याची."

"आणि वकिलांकडे डबा जायचा तो?"

आता ते खाली बसले, एका पोत्यावर. "तुला कुणी सांगितलं?"

"त्या घरी आल्या होत्या. डबा घेऊन."

"कोपऱ्यावर चार जण टपले होते, निला. पैशावाले. आपल्याकडं देण्यासारखं काय होतं? दादा म्हणाला, बाईंना लोण्याची आवड आहे. म्हटलं, चांगल्याच कामाला जातंय."

"चांगल्याच कामाला." मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "श्रावणात मला न्यायला आलात, तेव्हा हॉटेलात हीच खोकी होती?"

ते पोत्याच्या सुतळीशी चाळा करत राहिले.

"मी विचारतेय. माझ्या आईच्या उशाशी उभं राहून तुम्ही म्हणालात, लोण्याशिवाय हॉटेल बंद पडायची पाळी आलीये. तेव्हा हॉटेल कशावर चाललं होतं?"

"दादा म्हणाला, वकिलांच्या मुलीचं बाळंतपण आहे, आत्ता खंड पडला तर जागा हातची जाईल."

"दादा म्हणाला. तुम्ही काय म्हणालात?"

"मला काय ठाऊक अव्वा इतक्यात जातील म्हणून!"

"तुम्ही तिला बघितलं होतंत. धाप लागलेली बघितली होतीत."

"निला, हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक आहे."

"मग तिला खरं का नाही सांगितलंत? एका वकिलाच्या मुलीला लोणी हवंय, असं का नाही म्हणालात? ती म्हणाली असती, जाऊ नको. मीही आले नसते."

"म्हणून तर," ते म्हणाले, आणि मग लक्षात आलं असावं आपण काय बोललो ते. मान खाली घातली. "दादानं तसंच सांगायला सांगितलं होतं."

बाहेरून पुन्हा पार्सलवाला ओरडला. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग उठले, माझ्या बाजूनं निघून गेले आणि गल्ल्यावर जाऊन बसले. मी मागच्या दारानं बाहेर पडले.

घरी सासूबाई उठून बसल्या होत्या. देसाईबाईंचा डबा त्यांच्यासमोर होता. त्यांनी काही विचारलं नाही, तेव्हा मीच विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं ग."

"श्रावणातलंसुद्धा?"

त्या मण्यांवर बोट फिरवत राहिल्या. "तुला सांगून काय झालं असतं? तुझी आई परत आली असती काय? प्रपंच असाच असतो बाई. माझी आई गेली तेव्हा मी ह्याच घरात पापड लाटत होते."

जावेलाही माहीत होतं. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून. आणि त्या सगळ्यांनी मिळून दीड वर्ष मला सांगितलं होतं की घर तुझ्या रवीवर चालतं.

मी उमाला घेऊन भावाकडे गेले. महिनाभर राहिले. त्याला खरं काय ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो आमच्या दारात काठी घेऊन गेला असता, आणि अव्वा अभिमानानं म्हणाली होती ते सगळं खोटं होतं, हे त्यालाही कळलं असतं. त्याच्याजवळ तेवढं राहू द्यावं असं वाटलं. उमाची शाळा बुडत होती. भावजय चांगली होती, पण महिन्यानंतर भाजी वाढताना तिचा हात आखडायला लागला होता. मी परत आले.

ह्यांचं नाव लागलं नाही. मी पुन्हा तो विषय काढला नाही; कशाच्या जोरावर काढणार? नव्या जागेतही हे गल्ल्यावर बसत, भावाच्या हॉटेलात. पुढं गुरुपादभाऊजींची मुलं मोठी झाली आणि ह्यांना गल्ल्यावरून उठवून कोठी सांभाळायला बसवलं. ते त्यावरही काही बोलले नाहीत. देसाईबाई एकदा रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या, आता थेट तुमच्याकडूनच घेऊ, योग्य तो मोबदला देऊ. मी म्हटलं, हात दुखतात. मी अंगणवाडीत खिचडी शिजवायला लागले. घुसळखांबावर उमाचं दप्तर अडकवायची.

पण नवं हॉटेल उघडायच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली.

मी माहेराहून आल्यावर थोड्याच दिवसांनी भाऊजी एक फोटोग्राफर घेऊन आले. नव्या हॉटेलात दर्शनी भिंतीवर मोठा फोटो लावायचा होता. घरची बाई लोणी काढतेय, असा. सासूबाईंनी नवं हिरवं इरकल लुगडं काढून माझ्यासमोर ठेवलं. भाऊजी म्हणाले, "निला, झालं गेलं विसरून जा. तुझाच मान आहे हा."

"मी बसणार नाही," मी म्हणाले.

"हट्ट करू नकोस. माणूस कोल्हापुरातनं आलाय."

"नाही बसणार."

ते म्हणाले, "बरं."

मग महानंदाअक्का इरकल नेसून आल्या. अंबाडा घालून त्यावर अबोलीचा गजरा माळला होता. चेहऱ्यानं त्या माझ्यापेक्षा उजव्या, फोटो छान येणार होता. साय नव्हती, म्हणून डेऱ्यात पाणी ओतून त्यात पावशेर दूध ढवळलं. खांबाजवळ अंधार पडत होता. फोटोग्राफर म्हणाला, कुणीतरी उजेड पाडायला पांढरी चादर धरा. घरात तेव्हा पुरुष दोनच होते. भाऊजी फोटोग्राफरच्या मागे उभे राहून सूचना देत होते. तेव्हा ह्यांनी चादर घेतली, दोन्ही हातांनी ताणून धरली आणि जावेच्या तोंडावर उजेड पाडत उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्यांनाही मी दिसत होते.

अक्कांनी दोर हातात घेतला. तो रवीला कसा गुंडाळायचा तेही त्यांना माहीत नव्हतं. एकदा सुटला, दुसऱ्यांदा गुंतला. फोटोग्राफर घड्याळ बघायला लागला. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. अगदी साधेपणानं, भाजीत मीठ किती घालू असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "निला, आधी कुठल्या हातानं ओढायचा ग?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चादरीआडून हेसुद्धा.

"उजव्या," मी म्हणाले, आणि जाऊन त्यांच्या हातात दोर नीट दिला.